खालच्या मजल्यावरचं कपाट

९ जानेवारी

आज घराचा ताबा मिळाला. चाव्यांचा जुडगा हातात देताना विकणारे गृहस्थ म्हणाले, जपून. मला वाटलं, चाव्या जपून ठेवायला सांगताहेत. वर जाताना जिन्याचा कठडा हातात आला तेव्हा अर्थ लागला.

अठ्ठावन्न वर्षांत माझ्या नावाचं हे पहिलं दार. लहानपणी वडिलांच्या बदल्या आणि क्वार्टर्स, मग नन्सचं बोर्डिंग, मग एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात अधीक्षकाची खोली. एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर वर अर्ज. निवृत्तीच्या दिवशी मला घड्याळ दिलं आणि पंधरा दिवसांत खोली रिकामी करायचं पत्रही दिलं, दोन्ही एकाच पिशवीतून.

बँकेतल्या मुलाने माझं वय दोनदा विचारलं, जणू दुसऱ्या वेळी मी ते सुधारून सांगणार होते. या वयात एकटीला कर्ज मिळत नाही म्हणे. शेवटी भाची सहकर्जदार झाली. धाकटी बहीण गेल्यापासून तिची ही मुलगी माझीच आहे असं मी सगळ्यांना सांगते. तिला विचारलेलं नाही.

बेत सरळ आहे. वर मी राहायचं, खालचा मजला भाड्याने द्यायचा, भाड्यातून हप्ता भरायचा. खाली कुणी राहिलं नाही तर माझं निवृत्तिवेतन बँकेत जाईल, आणि चार-सहा महिन्यांत घरही.

१८ जानेवारी

खाली दोन खोल्या आहेत, काड्यापेटीएवढ्या. अशा खोल्यांना जे भाडं येईल त्यात हप्ता बसत नाही. कंत्राटदाराने उपाय सुचवला: मधली भिंत काढायची, एक मोठा हॉल करायचा. हॉल म्हटलं की भाडं दीडपट. या माणसाला काहीही विचारा, "होईल बाई" म्हणतो. मी मनातल्या मनात त्याचं नावच होईलबाई ठेवलं आहे.

भाची रविवारी येऊन बघून गेली. खालून वर बघितलं, वर येऊन खाली बघितलं, आणि विचारलं की मावशी, त्या भिंतीवर काही उभं नाही ना? मी म्हटलं, माझ्या झोपायच्या खोलीची भिंत बरोबर तिच्यावर येते, पण भिंत जमिनीवर उभी असते, दुसऱ्या भिंतीच्या डोक्यावर नाही. ती म्हणाली, एखाद्या इंजिनिअरला दाखवू. मी सव्वाशे मुलींची तीन मजली इमारत एकतीस वर्षं सांभाळली आहे, गळक्या नळापासून पळून जाणाऱ्या मुलींपर्यंत. इंजिनिअर मी पुष्कळ पाहिले आहेत. ते येतात, चहा पितात, आणि आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट कागदावर लिहून देतात.

होईलबाईला विचारलं, भिंत काढली तर चालेल ना. होईल बाई, म्हणाला.

२ फेब्रुवारी

भिंत गेली. तीन दिवस घरात पिठाच्या गिरणीसारखी धूळ होती. काम करणाऱ्यांतला एक म्हातारा गवंडी मधेच हातोडा ठेवून बसला आणि म्हणाला, ही नुसती आडभिंत नाही, हिने वरचं ओझं अंगावर घेतलंय. होईलबाईने त्याला दुसऱ्या कामावर पाठवून दिलं. कामात तोंड चालवणारी माणसं मलाही आवडत नाहीत.

वर लोखंडी पट्टी बसवली आहे असं तो सांगतो. गिलाव्याच्या आत असल्याने दिसत नाही. खालून लावलेले लोखंडी टेकू महिनाभर ठेवायचे होते, पण त्याला ते दुसरीकडे हवे होते म्हणून चौथ्या दिवशीच काढून नेले. एका अर्थी बरंच झालं, फरशी लवकर धुता आली.

हॉल सुरेख दिसतो. मधोमध उभं राहून मी दोन्ही हात पसरले. कुठेच लागले नाहीत.

१९ फेब्रुवारी

सामान आलं. वसतिगृहाच्या लिलावात मी चार लोखंडी कपाटं घेतली होती. त्यांत माझी पुस्तकं, आणि एकतीस वर्षांच्या हजेरीवह्या. त्या कुणालाच नको होत्या. रद्दीवाल्याच्या हवाली करायला माझं मन होईना. एकेक कपाट चढवायला चार हमाल लागले. शेवटच्या कपाटाला त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. झोपायच्या खोलीच्या भिंतीशी चारही एका ओळीत लावली. गच्चीवर त्याच बाजूला पाण्याची नवीन टाकी बसवली, म्हणजे भाडेकरूंनी पाण्यावरून कटकट करायला नको.

खोलीत आता वसतिगृहाचा वास येतो. पहिल्यांदा शांत झोप लागली.

५ मार्च

भाडेकरू ठरला. आधी सातजण येऊन गेले. एकाने कुत्र्याचं वय सांगितलं पण स्वतःच्या नोकरीचं काही सांगेना. एकीने मलाच विचारलं की वर राहणाऱ्या बाई खडूस आहेत का. हा सुतार आहे, गावाबाहेरच्या फर्निचरच्या कारखान्यात. बायको, आई आणि पाच वर्षांची मुलगी. माणूस कमी बोलतो, नखं स्वच्छ.

अकरा नियम टाइप करून दाराच्या आतल्या बाजूला लावले आणि वाचून दाखवले. चौथा: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. सातवा: भिंतीला किंवा छताला जखडलेलं फर्निचर ठेवायचं नाही. अकरावा: रविवारी सकाळी दहाला तपासणी. सुताराच्या बायकोने शेजारी उभ्या सासूकडे बघून ओठ दाबले. असे दाबलेले ओठ मी हजारो पाहिले आहेत. मला राग येत नाही, फक्त लक्षात राहतात.

सुतार नियम ऐकतच नव्हता. मान वर करून छताकडे बघत होता. मग विचारलं, "बाई, इथं मधे भिंत होती का?" म्हटलं, होती, काढली, तुम्हाला मोठा हॉल मिळावा म्हणून. त्यावर तो पुन्हा छताकडे बघायला लागला. कोळ्याची जाळी शोधत असावा. एकही नव्हतं.

२८ मार्च

खालचं दार अडकतं. मुलगी धाडकन आपटत असणार. समज दिली. सुताराने दार उतरवून खालून रंधा मारला, दोन तासांत दार पुन्हा लोण्यासारखं. काम चोख आहे, हे लिहिलंच पाहिजे.

१६ एप्रिल

दार पुन्हा अडकलं, आणि आता मोरीचंही. सुताराने दोन्हींना पुन्हा रंधा मारला. मी म्हटलं, असंच चाललं तर वर्षाखेर दाराचा पाट होईल. तो हसला नाही.

तपासणीत चौकटीच्या वर केसाएवढी तिरपी चीर दिसली. मी सरळ नियम चार काढला. खिळा कुठे ठोकलाय ते दाखवा, म्हटलं. सगळ्या भिंती बघितल्या, एकही खिळा नाही. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधलेलं. मग चीर आली कुठून, या प्रश्नाला त्याने छताकडे बोट केलं. मुलींनाही असंच, शाई सांडली की बोट दुसरीकडे.

आणखी एक. एवढा मोठा हॉल घेऊन ही माणसं कडेला दाटीवाटीने झोपतात. तिघांच्या गाद्या भिंतीशी, आजीचा पलंग कोपऱ्यात, मधे पार मोकळं. लहान मुलगी मधे गेली की आजी तिला हाक मारून कडेला घेते. जागा वापरायची रीत असते एकेकाची.

३ मे

माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी लागेना. उन्हाळ्याने लाकूड वाकलं असेल म्हणून सुताराला वर बोलावलं. त्याने खिडकीला हातही लावला नाही. चार कपाटांसमोर जाऊन उभा राहिला, एक उघडून वह्या बघितल्या, मग गुडघ्यावर बसून फरशीला गाल लावला. मी म्हटलं, हरवलंय का काही?

तो म्हणाला, "बाई, रागावू नका. ही कपाटं त्या बाहेरच्या भिंतीला लावू या. मी आणि मेहुणा येतो. पैसे नकोत."

का, तर म्हणे मधली भिंत काढायला नको होती, तिच्यावरचं ओझं आता कुणी घेत नाहीये, स्लॅब खाली येतोय.

मला तत्काळ कळलं गाडी कुठे चालली आहे. आधी घरात दोष काढायचे, मग हळूच भाडं कमी करा म्हणायचं. मेसच्या जेवणात मुली असाच केस शोधत. मी स्पष्ट सांगितलं की भाडं एक पैसाही कमी होणार नाही, आणि माझ्या खोलीत काय कुठे असावं हे मला सांगायची गरज नाही. माझ्या भिंतीत खिळा ठोकायला अर्ज करायचे दिवस संपले.

तो खिडकी रंधून खाली गेला. भाड्याचं त्याने काही काढलं नाही. पुढच्या वेळी काढेल.

११ जून

हे लिहू की नको, असा दुपारपासून विचार करते आहे. पण बोर्डिंगातल्या सिस्टरने वही देताना बजावलं होतं की खोटं लिहायचं असेल तर कोरं पान बरं.

दुपारी पडले होते. काडी मोडावी तसा आवाज आला. पुन्हा एकदा. उठून बघितलं तर काही नाही. पण टेबलाच्या एका पायाखाली मी मार्चमध्ये पोस्टकार्डाची घडी ठेवली होती, तिच्यावर एप्रिलमध्ये बँकेचं पत्र आलं, आणि आज त्यावर पाककृतींची छोटी पुस्तिका ठेवावी लागली. पलंगावर बसून मी त्या पुस्तिकेकडे कितीतरी वेळ बघत राहिले. भीती वाटली. कसली ते सांगता येत नाही.

होईलबाईला फोन केला. तो म्हणाला, नवं काम स्थिरावायला वर्ष जातं, पुट्टी भरून देतो. आला, चीर भरली, वरून रंग मारला. आता बोट फिरवलं तरी कळत नाही. मला बरं वाटलं. सुताराला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने बोट फिरवलं नाही.

२ जुलै

तपासणी. हॉलच्या मधोमध कपाट उभं!

मधोमध म्हणजे जिथे भिंत होती, अगदी त्याच रेषेवर. जमिनीपासून छतापर्यंत. मध्ये सुरी घालायला फट नाही, वरती लाकडाच्या पाचरी मारून घट्ट बसवलेलं. उघडून बघितलं तर आत मनगटाएवढे नव्हे, मांडीएवढे जाड सहा खांब आणि आडव्या-तिरप्या दांड्या. एक साडी ठेवायला धड जागा नाही. दोन फळ्या नावाला लावल्या आहेत आणि त्यांवर मुलीची बाहुली. सुताराने सुट्टी काढून तीन दिवसांत बनवलं म्हणे, कारखान्यातून स्वतःच्या पगारावर लाकूड उचलून. कपाट बनवता येत नसेल तर सुताराने दुसरं काम बघावं.

मी नियम सात वाचून दाखवला. तो म्हणाला, वाचलाय. म्हटलं, मग? तो म्हणाला, कपड्यांसाठी हवं होतं. बायको त्याच्याकडे बघत होती आणि तो माझ्या चपलांकडे. खोटं बोलणाऱ्या मुलींची नजर नेमकी तिथेच जाते.

महिन्याभरात काढा, असं सांगितलं. आजी पलंगावरून म्हणाली, "बाई, असू द्या हो ते. तुम्हालाच बरं." मला बरं! उपकार माझ्यावर!

२३ जुलै

सगळी दारं सुरळीत लागताहेत. माझी खिडकीही. तीन आठवड्यांत टेबलाखाली काही ठेवावं लागलं नाही. कडक राहिलं की घरही शिस्तीत राहतं, हा माझा अनुभव आहे. होईलबाईचंही खरं ठरलं, काम स्थिरावलं.

कपाट मात्र तसंच आहे.

२० ऑगस्ट

मुदत संपून पंधरवडा उलटला. आज त्याला जिन्यातच गाठलं. कपाट काढा नाहीतर घर सोडा, दोनच गोष्टी. तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला.

"बाई, ते कपाट नाही. टेकू आहे. टेकू म्हटला असता तर तुम्ही एका दिवसात काढायला लावला असता, म्हणून कपाट म्हटलं. तुमची खोली त्याच्यावर उभी आहे."

मी म्हटलं, माझी खोली माझ्या पैशावर उभी आहे.

मग तो म्हणाला की तरीसुद्धा ते कायमचं नाही, लाकूड किती दिवस ओढणार, नीट लोखंडी काम करून घ्या, तोवर आम्ही राहतो, भाडं देतो. मी विचारलं, इतकं धोक्याचं आहे तर तुम्ही बायकापोरांना घेऊन का राहता? त्याचं उत्तर: "कामावरून आलो की पाचरी रोज बघतो. मी गेलो तर कोण बघणार?"

याला म्हणतात चढेलपणा. माझ्या घराचा राखणदार हा! मुलींच्या वसतिगृहात एक पहारेकरी होता, त्यालाही असंच वाटायचं की इमारत त्याच्यामुळे उभी आहे. महिनाअखेर घर रिकामं करा, असं सांगून मी वर आले.

३ सप्टेंबर

गेले. भाडं शेवटच्या दिवसापर्यंत चुकतं केलं. फरशी पुसली, दारावरचे नियम काढून घडी करून माझ्या हातात दिले. आजी टेम्पोत पुढे बसली तेव्हा माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले, रागाने नाही. मला ते आवडलं नाही.

कपाट तिथेच. मी म्हटलं, हे कोण नेणार? सुतार म्हणाला, "राहू द्या. लाकडाचे पैसे नकोत. फक्त हलवू नका."

एवढं जाडजूड लाकूड कोणी फुकट सोडत नाही. उद्या येऊन हक्क सांगणार, घेऊन जातो म्हणून दारात उभा राहणार. मी ओळखून आहे. अनामत रकमेतून कपाट काढायची मजुरी वळती करून घेते म्हटलं, तर तो म्हणाला, सगळी अनामत ठेवा, पण मजूर लावू नका. याला वेड लागलं असावं किंवा मला.

संध्याकाळी खाली जाऊन आले. हॉल रिकामा असला की आवाज घुमतो. कपाटाच्या आतून बारीक करकर येत होती, जुन्या माणसाने कूस बदलावी तशी. लाकूड वाळतं तेव्हा वाजतं.

१२ सप्टेंबर

हप्त्याची तारीख निवृत्तिवेतनातून निभावली. पुढची निभणार नाही. बँकेच्या मुलाचा फोन आला, गोड आवाजात. त्याला घर बघायची फार घाई दिसते.

देवाची कृपा, आज चांगलं कुटुंब आलं. नवरा औषधं विकणाऱ्या कंपनीत, बायको शिक्षिका, दोन जुळे मुलगे सहा वर्षांचे. शिक्षिका म्हटल्यावर मला निम्मं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने नियम वाचले आणि म्हणाली, किती छान, स्पष्ट! असं मला एकतीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

तिची एकच अट. हॉलच्या मधोमध मुलांचे पलंग टाकायचे आहेत, पंख्याखाली. कपाट दणकट आहे, ठेवा, फक्त पलीकडच्या भिंतीकडे सरकवून द्या. मी शब्द दिला. आगाऊ भाडं देऊन गेली.

१९ सप्टेंबर

भाची ऑफिसातून तशीच आली, चप्पल न काढता. भाडेकरारावरच्या तिच्या सहीवरून माग काढत सुतार तिच्या ऑफिसात गेला होता! बाहेर बाकावर दोन तास बसून राहिला म्हणे, आणि तिला सगळं सांगितलं. चहाडखोरपणाची हद्द आहे. भाचीने खाली जाऊन कपाट बघितलं, वर येऊन माझी कपाटं बघितली, टेबलाखालची पुस्तिका बघितली, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, तू आत्ता माझ्याबरोबर चल. बॅग भर."

मी विचारलं, कुठे? तुझ्याकडे? तुझ्या सोफ्यावर? तुझ्या नवऱ्याने उठायच्या आधी चादर घडी करून ठेवायची, आणि न्हाणीघर मोकळं आहे का ते विचारायचं? मी एकोणसाठीत आले. दुसऱ्याच्या खोलीत राहायची माझी इयत्ता संपली आहे.

ती रडली. मीही थोडी रडले, पण स्वयंपाकघरात जाऊन. शेवटी ठरलं की ती सोमवारी इंजिनिअर घेऊन येईल आणि त्याआधी मी कशालाही हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. हो म्हटल्याशिवाय ती जाईना.

तिला काय कळणार? इंजिनिअर आला, मधोमध हा लाकडी सांगाडा बघितला, की आधीच ठरवून टाकेल की घर मोडकळीला आलंय. तसा कागद लिहून देईल. तो कागद बँकेत गेला की संपलं. आजाऱ्याच्या उशाशी औषधाच्या बाटल्या दिसल्या की डॉक्टरही घाबरवून सोडतो. सोमवारी हॉल मोकळा, स्वच्छ, रंगवलेला दिसला पाहिजे.

२१ सप्टेंबर

होईलबाई दोन माणसं घेऊन आला. कपाट सरकवायचा प्रयत्न केला. तिघांनी खांदे लावले, एक इंच हललं नाही, उलट वरून गिलाव्याची धूळ पडली. त्यातला एकजण म्हणाला की वरून दाबून धरल्यासारखं झालंय. पाचरी ठोकून बघितल्या, निघत नाहीत, लाकडाने लाकडात दात रोवले आहेत. होईलबाई म्हणाला, सोपं आहे, वरून चार बोटं कापून टाकू, मग बाहुलीसारखं उचलता येईल. करवतीची माणसं परवा मिळतील. परवा शनिवार, म्हणजे सोमवारच्या आत. मी विचारलं, कापल्यावर वर काही होणार नाही ना?

होईल बाई, असं तो सवयीने म्हणाला आणि मग हसला. मलाही हसू आलं.

२२ सप्टेंबर

उद्याची तयारी करायला दुपारी खाली गेले होते. कापायची रेघ मीच आखून ठेवणार, या लोकांच्या नजरेवर माझा भरवसा नाही. पट्टी आणि पेन्सिल नेली.

कपाटाचं दार उघडलं तर बाहुली तशीच फळीवर. गडबडीत विसरली बिचारी. एका खांबाच्या शेजारी लाकडाची सरळ पट्टी छतापासून लोंबत सोडलेली आहे, आणि तिचं टोक जिथे येतं तिथे खांबावर पेन्सिलीने बारीक रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. जुलैच्या दोन, ऑगस्टच्या पाच, सप्टेंबरची एक. आधी वाटलं, मुलीची उंची मोजली असेल. माझ्याकडेही मुली दाराच्या चौकटीवर मोजायच्या, रंग खराब करायच्या. पण पोर वाढलं की रेघ वर जाते. या रेघा एकीखाली एक, खाली उतरत गेल्या आहेत. पट्टीचं टोक आज शेवटच्या रेघेच्याही खाली, जवळजवळ दोन बोटं.

बराच वेळ तिथे उभी होते. खरं लिहायचं तर त्या रेघा दोनदा मोजल्या. मनात आलं की सुताराला फोन करावा आणि नुसतं विचारावं, या रेघा कसल्या. नंबर आहे माझ्याकडे. वर आले, फोन हातात घेतला. मग विचार केला, तो काय सांगणार ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकलं की मला या घरातून जावं लागेल. फोन ठेवला. सुतार उलट्या बाजूने मोजत असेल. त्यांच्या मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात.

पुन्हा खाली जाऊन माझी रेघ आखली, सहाही खांबांवर, एका पातळीत. हात स्थिर होता. बोर्डिंगात सरळ रेघेसाठी मला दरवर्षी बक्षीस असायचं.

दार मात्र आज ओढून लावावं लागलं, आणि खिडकी पुन्हा लागत नाही. सोमवारपर्यंत चालेल.

उद्या नऊला करवत येते आहे. शिक्षिका मुलांना घेऊन त्याच वेळी येणार, पलंग नेमके कुठे येतील ते मापायला. मी म्हटलं, या, मोकळा हॉल बघून मुलांना बरं वाटेल. मी स्वतः खाली उभी राहणार आहे. कुणी लक्ष ठेवलं नाही की ही माणसं तिरपं कापतात.